चित्र नसलेलं साक्षगंध

मी बीसीए झालेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझी जेवढी लाज वाटायला पाहिजे तेवढी वाटेल.

बीसीए म्हणजे आमच्या घरात काय, तर रिमोट सापडत नसला तरी 'पिंकीले विचारा, ती कम्प्युटर शिकली आहे.' आणि ही पिंकी कशी, तर मोबाइल टेबलावर थरथरला तरी तिच्या हातातला चहा सांडतो. अशा माणसाच्या हाती बहिणीचं लग्न सोपवावं का? पण सोपवलं.

त्याचं झालं असं. माझ्या मोठ्या बहिणीचं, मोनाताईचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला. नवरदेवाकडची मंडळी नरखेडकडची, मोसंबीच्या बागा असलेली. सगळे आले, फक्त त्यांची आजी गुडघ्यामुळे आली नाही. आणि त्या घरात आजीला विचारल्याशिवाय मोसंबीसुद्धा झाडावरून पडत नाही. आजीनं निरोप धाडला, "म्या पाह्यलं नाही, तं साक्षगंध झालं कायचं? पाहीन, मंगच तारीख काढीन."

म्हणून रविवारी आजी, त्यांचा मुलगा आणि सून, म्हणजे ताईचे होणारे सासू-सासरे, आमच्या बेसा गावातल्या घरी जेवायला येणार होते. जेवण झाल्यावर टीव्हीवर साक्षगंध, त्यानंतर तारीख.

व्हिडिओ मीच काढला होता, रुची नावाच्या माझ्या मैत्रिणीच्या महागड्या फोनवर. सकाळी पेनड्राइव्ह लावून पाहिला तर टीव्ही म्हणे, हा फॉरमॅट चालत नाही. तिकडे पाहुण्यांनी वाटेतलं काटोल सोडल्याचा फोन आलेला.

घाबरू नको, मी मलाच म्हटलं, नुसतं कन्व्हर्ट तर करायचं आहे. लॅपटॉप उघडला, फाइल टाकली. कशात बदलू, असं विचारत यादी आली. बाबा मागे येऊन उभे.

"काय करून राहिली वं?"

"हा फॉरमॅट चालत नाही ना बाबा, एमपी फोर करून राहिली."

"एमपी काहून? आपण तं एमएचवाले."

"गाडीचा नंबर नाही आहे तो."

"नाही, मले वाटलं छिंदवाड्याले नेऊन पासिंग करा लागते."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आता कुकरची शिट्टी ही काय नवी गोष्ट आहे? पण मी दचकले, आणि माउसवरचं बोट यादीत एक ओळ वर पडलं. एमपी फोरच्या वरच्या ओळीत कोण राहतं, ते तुम्हाला माहीत आहे. मला तेव्हा दिसलं नाही. क्षणात काम झालं, फाइलही इवलीशी. मी खूश. एवढं मोठं साक्षगंध आणि केवढ्याशा जागेत बसवलं, शिक्षण वाया नाही गेलं! एकदा लावून पाहणार, तोच दारात हॉर्न.

जेवणं झाली. आजी सोफ्याच्या मधोमध बसल्या, बाबांनी रिमोट घेतला. टीव्ही काळा, मधोमध गाण्याचं एक चिन्ह, आणि सनई.

"गाणं लावलं का गा?" आजीनं विचारलं.

"येते, येते, चित्र येते," म्हणत बाबांनी आवाज वाढवला. आवाज वाढवला की चित्र येतं, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मला तेव्हा कळलं. एमपी थ्री. चित्र गेलं, आवाज तेवढा राहिला. आणि मग दुसरी गोष्ट आठवली. फोन माझ्या हातात होता, म्हणजे त्याला सगळ्यात जवळचं तोंड माझं होतं.

गुरुजी लांब कुठेतरी मंत्र म्हणत होते आणि त्यांच्यावर, अगदी स्वच्छ, मी:

"रुचे, साडी पाह्यली का वं त्यायनं आणलेली? मोसंबीवाल्यायनं मोसंबीच्याच रंगाची आणली. ते बी सडक्या. ताई कावीळ झाल्यासारखी दिसून राहिली."

पाठोपाठ दोघींचं हसणं. मी घोडीसारखी खिंकाळते, हे मला त्या दिवशी समजलं.

चित्र अजून येत नाही म्हणून बाबांनी आवाज आणखी वाढवला. मी रिमोटवर झेप घेतली आणि संत्रा बर्फीचा डबा उलटा केला. साडी ताईच्या सासूबाईंनी स्वतः निवडलेली होती. त्या समोरच बसल्या होत्या, हातात बर्फीचा तुकडा तसाच.

"बंद नका करू," आजी म्हणाल्या. "कोनाचा आवाज होय हा?"

सख्ख्या बहिणीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"इकडं ये वं. खरंच सडक्या मोसंबीवानी होती काय साडी?"

सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या, मी बर्फीकडे.

"नाही आजी. म्हणजे... जास्त पिकलेल्या."

आजी सुनेकडे वळल्या. "काहून वं सुशीला? साडीचा फोटो पाह्यला तवाच म्या म्हटलं होतं का नाही? तू म्हने, आजकाल हाच कलर चालते." मग बाबांना म्हणाल्या, "इवाई, लावा बरं अजून एकडाव. तेवढंच."

बाबांनी लावलं. किती वेळा, ते विचारू नका. आजी दर वेळी डोळे पुसून हसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाह्यलं नाही, पण आयकलं. काढा तारीख."

ताईचा जीव भांड्यात पडला. निघताना सासूबाई माझी हनुवटी धरून गोड आवाजात म्हणाल्या, "तुले रंगाची लय समज आहे, बाई. ध्यानात ठेवीन."

मला वाटलं, माफ केलं. मला असंच वाटतं नेहमी.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून नवरीच्या बहिणीसाठी मानाची साडी आली. घडी उघडली. तोच रंग, ब्लाउजपीससकट. मानाची म्हणजे नेसावीच लागणार, आणि लग्नाच्या सकाळी नेसली की नाही ते पाहायला सासूबाई स्वतः आल्या. वर पदर सारखा करून दिला.

मंडपात आजीच्या पाया पडले, तर त्यांनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळलं आणि मुलाला हाक मारली, "काहून गा, या पोरीले कावीळ झाली काय?"

मी सरळ उठून व्हिडिओवाल्याकडे गेले.

"दादा, या लग्नाचं नुसतं एमपी थ्री मिळेल का?"