पाणी बघून गाव निवडायचं म्हणे

मंडळी, बोलतीय मी, टाईप करतीय माझी नात रेवती. तिनंच आज सकाळी डोकं फिरवलंय माझं.

म्हणाली, "आजी, मी सोलापूर सोडतीय. श्वास रोखून समुद्रात खोल बुडी मारायला शिकायचंय. मालवणला राहू की अंदमानला?"

"नोकरी कुटं हाय?"

"ते नंतर. आधी पाणी."

लेक द्यायची म्हटली की आमीबी आदी गावचं पाणीच बघतो की. पण हंडा भरायला, बुडायला न्हाय.

रेवती म्हणते, अंदमानचं पाणी लई खोल आन् नितळ. मालवणचं तेवढं न्हाय, पण तितनं सणावाराला घरी येता येतं.

मला तर उथळ पाण्याचंच गाव आवडायला लागलंय. तुमी तुमच्या नातीला कुठलं सांगितलं असतं?