शिट्टीबाईचा तिसरा नियम

पोहण्याच्या तलावावर तिला सगळे शिट्टीबाई म्हणतात, आणि तिनंही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, अंगाला क्लोरीनचा वास, आणि आवाज असा की बुडी मारलेला माणूससुद्धा दचकून वर येतो. वय शेहेचाळीस. सकाळी सहापासून दोनपर्यंत शिकाऊ मंडळींना हातपाय मारायला शिकवायचं, दोन ते चार तलाव साफसफाईला बंद, मग परत संध्याकाळची तुकडी. मधल्या दोन तासांत ही बाई करते काय, याचा तलावावर कुणालाच पत्ता नव्हता. टॉवेल ठेवायच्या खोलीत, ओलसर बाकावर जुना लॅपटॉप मांडून ती तीनशे माणसांपैकी कोण किती शूर ते ठरवत असायची.

हसण्यावारी नेऊ नका. इंटरनेटवरचा खेळ होता तो, नऊ दऱ्यांचा. खेळणाऱ्यानं एक सोंग घ्यायचं. कुणी सरदार, कुणी वैद्य, कुणी चोर. मग आपल्या सोंगानं काय केलं ते लिहायचं, दुसऱ्यानं त्याला उत्तर लिहायचं, आणि अशी गोष्ट पुढे सरकायची. जसजसं खेळाल तसतशी पायरी वर चढते, आणि पायरी वर गेली की अंगात बळ येतं. आता पायरी कशानं चढायची, याचे नियम शिट्टीबाईच्या हातात. कसे आले? चार वर्षांपूर्वी खेळात शिरून महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात तिनं मालकाला चार पानी तक्रार पाठवली की तुमचे नियम धड नाहीत. मालक म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीचा दुकानदार. त्याच्या गल्ल्यामागच्या एका मशीनवर सगळा खेळ चालायचा. त्यानं एका ओळीत उत्तर दिलं, "मग तुम्हीच बघा." आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

बाईनं दोन-चार गोष्टी सुधारल्या, पण मूळ नियमाला हात लावायचा धीर काही झाला नाही. तो नियम असा, की एक परिच्छेद लिहिला की एक गुण, आणि गुण साठले की पायरी. दिसायला सरळ, आणि सरळ दिसणाऱ्या नियमाइतका लबाड नियम दुसरा नसतो. कुठल्याशा गावात एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांचं सोंग सरदाराचं. दिवसभर रिकामे. "सरदार शिंकला." एक गुण. "सरदारानं नाक पुसलं." दोन गुण. "सरदार पुन्हा शिंकला." असं शिंकत शिंकत हा गृहस्थ एकोणिसाव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसला. एवढं पडसं होऊनही माणूस जिवंत कसा, याचंच लोकांना नवल.

आणि तिसऱ्या पायरीवर कोण? तर ताई. शिट्टीबाईची सख्खी मोठी बहीण, दुसऱ्या शहरात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. दिवसभर डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला, आणि सव्वादोनला पंधरा मिनिटांची सुट्टी. जिनं आयुष्यात कचेरीची पेन्सिल घरी आणली नाही, ती खेळात चोरटी झाली होती. आणि काय चोरटी हो! दिवसाला एकच परिच्छेद, पण असा की एकदा तिनं भर न्यायालयात झोपलेल्या न्यायाधीशाच्या डोक्याखालची उशी लांबवली आणि त्याच्या घोरण्याची पावती करून मागे ठेवली. वाचून लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. गुण मात्र एकच. शिंकेलाही एक, उशीलाही एक.

आई गेली त्या वर्षी दोघी खेळात शिरल्या होत्या. त्याआधी फोनवर बोलणं व्हायचं, नाही असं नाही. "जेवलीस?" "हो. तू?" "हो. गुडघा?" "आहे तसाच." संपलं. दोघींना एकमेकींवर जीव टाकायचा असायचा आणि जमायचा नाही. खेळात मात्र ताईची चोरटी आणि शिट्टीबाईची होडीवाली भेटल्या की दोघी परत फ्रॉकमधल्या व्हायच्या. जेवणाचा डबा तसाच राहिला तरी चालेल, पण ती पंधरा मिनिटं शिट्टीबाईनं कधी चुकवली नाहीत.

अशात गोष्ट सातव्या दरीपाशी आली. सातव्या दरीच्या फाटकातून दहाव्या पायरीच्या खालच्यांना प्रवेश नाही. हा नियम कुणाचा? शिट्टीबाईचाच, मोठ्या ऐटीत केलेला. होडीवाली चौदाव्या पायरीवर, ती आत जाणार. चोरटी बाहेर. ताईनं लिहिलं, "तुम्ही व्हा पुढे. मी महिनाअखेरीला खेळ सोडते. रागावले नाही गं. पण फाटकाबाहेर बसून किती दिवस काढू?"

शिट्टीबाईनं ते तीनदा वाचलं आणि टॉवेलच्या खोलीत बसून रडली. टॉवेल हाताशीच होते, ती एक सोय. महिना संपायला तीन आठवडे होते. तिनं डोळे पुसले आणि मूळ नियमालाच हात घातला.

पहिला नवा नियम शाबासकीचा. स्वतः कितीही लिहा, गुण नाही. दर आठवड्याला प्रत्येकानं तिघांना शाबासकी द्यायची, ज्याला मिळेल तो वर चढेल. ताईला ढिगानं मिळतील, अशी बाईची अटकळ. झालं काय, तर दोन दिवसांत सगळा खेळ सभ्य झाला. आवळा देऊन कोहळा काढायचा बाजार मांडला लोकांनी. द्वंद्वयुद्धाला उभे राहिलेले वीर एकमेकांच्या तलवारीची मूठ वाखाणत राहिले, तलवार म्यानातून निघेचना. दरोडेखोर लुटायच्या आधी तब्येत विचारू लागले. एका राक्षसानं तर गावकऱ्यांना सांगितलं की आपलं गाव चवीला उत्तम आहे. ताईला मिळाल्या दोन शाबासक्या, कारण परतफेड करायला तिच्याकडे वेळच नव्हता.

"बाई, हे काय चालवलंय?" दुकानदारानं फोन केला. "माझ्या खेळात तीन दिवस कुणी कुणाला मारलं नाहीये."

मग दुसरा नियम. माणूस चुकीतून शिकतो, हे बाईला तलावावर रोज दिसायचं. तेव्हा ठरलं की जो हरेल, पडेल, फसेल, त्याला गुण. आणि मग काय विचारता? आगीतून फुफाट्यात. सगळे छपरांवर चढून पडू लागले. वैद्यांनी डोकेदुखीवर रेचक दिलं. एकोणिसाव्या पायरीचा सरदार एका बदकाला शरण गेला, तेही अकरा वेळा, शेवटी बदकच कंटाळलं. साधं दार कुणाला उघडता येईना. साऱ्या नऊ दऱ्यांत मन लावून खेळणारी एकटी ताई. तिनं खजिन्याचं अवघड कुलूप मोठ्या अकलेनं उघडलं, आणि उघडलं म्हणून तिला शून्य.

शिट्टीबाई हसली, खूप हसली, बाकावरून घसरेपर्यंत हसली, आणि हसता हसता तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. आठ दिवस उरले होते.

त्या दुपारी तिनं करू नये ते केलं. खेळातल्या पायऱ्यांच्या नोंदवहीची किल्ली तिच्याकडेच होती. चोरटीच्या नावापुढचा तीन खोडून तिनं दहा लिहिले. कुणाला कळणार होतं? तीनशे माणसं, एक आकडा. सव्वादोनला ताई आली, आणि दोन मिनिटांत फोन वाजला.

"हे तू केलंस?"

"काय?"

"माझ्याशी नाटक नको. दहा कुठून आले?"

शिट्टीबाई शेजारच्या टॉवेलाची घडी मोडत राहिली.

"पत्ते खेळताना मी तुला कधी मुद्दाम जिंकू दिलं होतं?"

"कधीच नाही," शिट्टीबाई म्हणाली. "रडवायचीस तू मला."

"मग मला का उचलून ठेवतेस? आतल्या सगळ्यांकडे मी कुठल्या तोंडानं बघू? तीन कर परत."

तीन केले. फोन बंद झाला आणि शिट्टीबाईला कधी नव्हे ते शरमेनं घाम फुटला, तोही पाण्याशेजारी. तिनं कानाला खडा लावला. आणि दुसऱ्या दिवशी शिकाऊ तुकडीची हजेरी घेताना ती मध्येच थांबली. तुकडीत एक वकील होते, साठीचे. पोहणं बेताचं, पण दर मंगळवारी हजर. तलावाच्या नियमाप्रमाणे वरच्या तुकडीत कोण जातं? पाण्यात जास्त तास डुंबणारा नाही, जास्त कौतुक करून घेणारा नाही, गटांगळ्या खाणारा तर नाहीच. आठवड्यामागून आठवडा जो येत राहतो, तो एक दिवस आपोआप पलीकडच्या काठाला लागतो. इतकी वर्षं हजेरीपट भरतेय आणि डोक्यात प्रकाश पडला नाही, म्हणून तिनं स्वतःच्याच नावानं शिट्टी फुंकली. वकील घाबरून पाण्याबाहेर आले.

तिसरा नियम तिनं दोन ओळींत लिहिला. ज्या आठवड्यात तुम्ही आलात आणि काही खेळलात, तो एक आठवडा मोजायचा, मग एकदा लिहा नाहीतर तीनशेदा. इतके आठवडे भरले की एक पायरी, आणि मोजणी सगळ्यांची पहिल्या दिवसापासून. पण इतके म्हणजे किती? इथे तिची लेखणी तीन दिवस अडली. ताई चार वर्षांत एकही आठवडा चुकली नव्हती, दोनशे आठ झाले होते. आकडा वीस धरला तर ताई दहावर, फाटकाच्या आत. पंचवीस धरला तर आठवर, बाहेर. वीस लिहावे तर बहिणीसाठी लिहिले असं होणार, आणि ते खरंच असणार. पंचवीस लिहायला हात उठेना.

तेव्हा तिनं खेळाच्या सूचनांच्या पाटीवर सगळ्यांसमोर सरळ लिहून टाकलं. "चोरटी माझी सख्खी बहीण आहे. मागच्या आठवड्यात मी तिला नियम मोडून वर चढवलं होतं, तिनंच मला खाली उतरवायला लावलं. म्हणून आकड्याची जागा मी कोरी ठेवतेय. या नियमानं ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होणार आहे, त्यानं ती भरावी. म्हणजे सरदारांनी."

दुकानदार म्हणाला, "बाई, तुमचं डोकं फिरलंय. तो शंभर लिहील, आपण सगळे दुसऱ्या पायरीवर येऊ आणि तो तिथेही शिंकत बसेल."

"लिहू दे," बाई म्हणाली.

सरदारांनी काहीच लिहिलं नाही. दोन दिवस शिंक नाही, नाक पुसणं नाही. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लोकांनी सरदारांच्या प्रकृतीची चौकशी सुरू केली. तिकडे महिन्याचे दोनच दिवस राहिले. ताईनं आपल्या चोरटीची हत्यारं एका धर्मशाळेत वाटून टाकली. शिट्टीबाईनं ते वाचलं आणि संध्याकाळच्या तुकडीला विनाकारण चार फेऱ्या जास्त मारायला लावल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दोन वाजता पाटीवर सरदारांचा मजकूर आला. पहिल्यांदाच लांबलचक.

"तीस वर्षं पत्रं वाटली. रोज शंभर दारं, प्रत्येक दाराशी कुणीतरी दोन शब्द बोलायचं. निवृत्त झालो आणि दारं संपली. इथे लिहीत राहिलो, कारण लिहिलं की कुणीतरी वाचतं. पायरी चढतेय हे लक्षातच आलं नाही, आणि आलं तेव्हा वर कुणीच नव्हतं. एकोणीसवर मी दोन वर्षं एकटा आहे. सगळ्यांची हजेरी मी स्वतः मोजली, दोन दिवस त्यातच गेले. आकडा वीस. मी तेरावर येतो, माझ्या शेजारी अकरा जण येतात. चोरटीबाई दहावर येतात. मुद्दाम वीस लिहिलाय. बहीण तुमची असेल, पण त्या उशीवर मी आठ दिवस हसत होतो."

खाली एकेकाच्या होकाराची रांग लागली. शिट्टीबाईची होडीवाली चौदावरून घसरून दहावर आली. आपण एवढ्या खाली आलो याचा इतका आनंद झालेली बाई त्या खेळानं आधी पाहिली नव्हती. तिनं टॉवेलच्या खोलीत गिरकी घेतली, रबरी चपलेवरून पाय सटकला, टॉवेलांचा गठ्ठा अंगावर घेऊन ती खाली बसली आणि तशीच बसून हसत राहिली.

पण ताई? सव्वादोन झाले, अडीच झाले. ताई आली नाही. हत्यारं वाटून टाकलेली बाई पाटी कशाला वाचेल? फोन लावावा तर तिला परत उचलून ठेवल्यासारखं होईल. शिट्टीबाईनं फोन लावला नाही. रात्र कशीबशी काढली.

दुसऱ्या दिवशी, नव्या महिन्याची पहिली तारीख, दोन वाजून सोळा मिनिटांनी सातव्या दरीच्या फाटकाच्या आतल्या बाजूनं एक ओळ आली. "इथे फारच काळोख आहे. चोरटीला लहानपणापासून अंधाराची भीती वाटते, हे कुणाला सांगू नका. जवळ कुणी आहे का?"

शिट्टीबाई त्या ओळीकडे बघत राहिली. लहानपणी दिवे गेले की ताई तिच्या अंथरुणात यायची आणि तिचा हात घट्ट धरून झोपायची. सकाळी आईला सांगायची, धाकटी घाबरते म्हणून गेले. चाळीस वर्षं शिट्टीबाईला वाटत होतं की त्या दोघींतली भित्री आपणच.

"आहे ना, इथेच आहे," होडीवालीनं लिहिलं. "हात दे."