शंभरांत जायला कोणी तयार नाही

गेल्या जानेवारीत एका मंगळवारी अप्पा साळवी माझ्या बेलापूरच्या ऑफिसातून उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी मीडिएटर आहे. भांडण कोर्टात जाण्याआधी माणसांना समोरासमोर बसवून तडजोड घडवायची, हे माझं काम. निकाल मी देत नाही.

विषय होता खांदेश्वरचा टू बीएचके. फ्लॅट अप्पांच्या नावावर. घटस्फोटानंतर मुलगी वैशाली तिथे त्यांच्यासोबत राहत होती. महेश आणि नितीन या तिच्या भावांना फ्लॅट विकायचा होता आणि त्याआधी ती बाहेर हवी होती. तिला दुसरं घर नव्हतं.

अप्पा दर रविवारी सोसायटीच्या मंदिरात प्रवचन करत. विषय बहुधा एकच. शंभर भावांनी पाच भावांना कपटाने हरवलेला द्यूताचा डाव, भर सभेत ओढून आणलेली सून आणि मान खाली घालून बसलेले वडीलधारे. त्या वडीलधाऱ्यांना अप्पा अजिबात सोडत नसत. मुलं हेच ऐकत मोठी झाली.

त्यामुळे वाद लवकरच फ्लॅट सोडून भूमिकांवर गेला. महेशचं म्हणणं, वनवास त्याने भोगला, लग्नानंतर दिघ्यात भाड्याने राहून. नितीनने हरकत घेतली. वनवास रबाळ्याच्या नाइट शिफ्टला म्हणतात. दोघांनाही पाचांत यायचं होतं. शंभरांत जायला कोणी तयार नव्हतं. शेवटी महेशने तोड काढली, शंभरांत वैशालीच्या नवऱ्याला धरू. तो घटस्फोट घेऊन केव्हाच पुण्याला गेला होता.

वैशाली वडिलांकडे वळली. "अप्पा, हे मला घराबाहेर काढतायत. तुम्ही काय म्हणता?"

"मला यात ओढू नका. मी नुसता ऐकायला बसलोय."

मीडिएशनमध्ये श्रोते नसतात. खोलीतलं बोलणं गुप्त असतं. ज्याला बाजू नाही, त्याने बाहेर थांबायचं. मी नियम सांगितला. अप्पांनी पिशवी उचलली आणि गेले.

फ्लॅटचा मालकच बाहेर, विकणार कोण? नितीन मोबाइल बघत बसला. काही वेळाने दार किलकिलं झालं.

"कुठवर आलंय?" अप्पांनी विचारलं.

"सभेपर्यंत," वैशाली म्हणाली. "वडीलधाऱ्यांची खुर्ची रिकामी आहे."

अप्पा दारातच उभे राहिले. मग आत येऊन खुर्चीत बसले.

"मॅडम, लिहा. फ्लॅट विकायचा नाही. पोरगी तिथेच राहील."

"म्हणजे शंभरांत आम्ही?" नितीन म्हणाला.

"सही कर. मग कोणीच नाही."

चौघांनी सह्या केल्या. त्या रविवारी प्रवचन झालं नाही. अप्पांचा घसा बसल्याचं मंदिराच्या फळ्यावर लिहिलं होतं. पुढच्या रविवारी ते गोवर्धन पर्वतावर बोलले. वैशाली खांदेश्वरलाच राहते.