नाखवा काकांचा थिन क्लायंट

“ताई, तुम्ही फक्त एवढंच सांगा की कॉम्प्युटर ठीक आहे. बाकी आम्ही बघतो.”

नेऱ्याला नाखवांच्या घराच्या पायरीवर मी अजून हेल्मेटही काढलं नव्हतं. प्रशांत नाखवा आत ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलत होता. मला रागच आला. पनवेलला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. “मॅडम, इंजिनियर कधी येतील?” असं मलाच विचारणारी गिऱ्हाइकं मी रोज झेलते, पण तपासायच्या आधीच निकाल हातात ठेवणारं गिऱ्हाईक पहिलंच.

“आधी बघते, मग सांगते,” म्हटलं.

“तसं नाही हो. बाबांचं विसरणं वाढलंय. पाण्याचा पंप चालू राहतो, घराचं दार उघडं राहतं. रोज दिवसभर लिहीत बसतात म्हणतात, आणि कॉम्प्युटरवर एक ओळ नसते. डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीय, पण चला म्हटलं तर म्हणतात, आधी मशीन तपासा. मशीन बरोबर निघालं तर डॉक्टरकडे येतो आणि स्कूटरची चावीही देतो. आता सगळं तुमच्यावर आहे.”

प्रशांतचे वडील उरणकडच्या कोळीवाड्यातले. घरची होडी भावांकडे राहिली आणि हे बंदरात टॅली क्लार्क झाले, म्हणजे जहाजातून उतरणाऱ्या मालाची मोजदाद ठेवणारे कारकून. शेवटच्या वर्षांत कॉम्प्युटरवर काम करायला शिकले. निवृत्त झाल्यावर मुलाकडे नेऱ्याला राहायला आले, पण स्कूटरवरून उरणला फेरी असायचीच. धक्क्यावर चार तास बसायचं, ओळखीच्यांशी बोलायचं, मासळी घेऊन परत यायचं. चावी गेली की तेही संपणार होतं.

ते लिहीत होते खाडीतल्या जुन्या होड्यांबद्दल. कुठली होडी कुणी बांधली, नाव काय ठेवलं, ती चालवणारा तांडेल कोण होता, शेवटी तिचं काय झालं. त्यासाठी प्रशांतने खारघरच्या आपल्या ऑफिसातून भंगारात निघालेला एक थिन क्लायंट आणला होता.

थिन क्लायंट म्हणजे काय, ते सांगते. ऑफिसात एक मोठा सर्व्हर असतो, सगळे प्रोग्रॅम आणि फाइली त्याच्यात. प्रत्येकाच्या टेबलावर मिठाईच्या बॉक्सएवढा एक डबा. त्याला कीबोर्ड आणि स्क्रीन जोडायची आणि सर्व्हरवर काम करायचं. डब्याच्या पोटात फारसं काही नसतं. पंखा नाही, आवाज नाही, वीज अगदी थोडी. त्या सुमारास ऑफिसं असे डबे काढून टाकत होती आणि लोक ते घरी नेऊन वापरत होते. विंडोज असतंच, साधं टायपिंग होतं, मासिक बिल वाढत नाही. कल्पना वाईट नव्हती.

आत गेले. नाखवा काका खुर्चीत ताठ बसले होते. ताजी दाढी, इस्त्रीचा शर्ट. तपासणी आपलीच आहे अशी तयारी. काकी, म्हणजे प्रशांतची आई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“ये पोरी,” काका म्हणाले. “नीट बग. मी रोज लिवतो. सकाली बगतो तं नाय. पोरगा बोलतो, बाबा, तुमी लिवलंच नाय. तुजं मशीन काय बोलतंय ते मना सांग. खरं सांग.”

“बाबा, ताई खरंच सांगणार,” प्रशांत म्हणाला.

“तू गप र्‍हा. तू आदीच बायेर सांगून आलास तिला.”

मी कामाला लागले. मेमरी तपासली, डिस्क तपासली, व्हायरस बघितला. जागा पुरेशी होती. मग डेस्कटॉपवर एक फाईल केली, तिच्यात मराठीत दोन ओळी टाइप केल्या, सेव्ह केली. बंद केली, उघडली. होती. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. तरी होती. प्रशांत मागे उभा होता. “मीपण हेच करून बघितलं होतं,” तो म्हणाला.

“काका, तुम्ही सेव्ह करता ना?”

“अगो, बंदरात मी नुसतं बसायला जात होतो काय? सेव केलं नाय तं साहेबानं मना उबा जालला असता.”

मी त्यांच्या जागी बसून पुन्हा बघितलं. फाइली लपल्यात का, दुसऱ्या फोल्डरमध्ये गेल्यात का, डिलीट झाल्यात का. कुठेही काही नव्हतं. डिलीट झाल्याची खूणसुद्धा नव्हती. मला त्यांच्याकडे बघवेना. पण मशीनमध्ये दोष सापडत नव्हता, आणि दया आली म्हणून दोष काढायचा, हे मला जमत नाही.

“काका,” मी म्हटलं, “कॉम्प्युटर चांगला आहे.”

काकांनी स्क्रीनकडे एकदा बघितलं. मग खिशातून स्कूटरची चावी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

“बरं,” ते म्हणाले. “मंग कवा जायचा डाक्टरकडं?”

आणि उठता उठता त्यांनी भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं. शिफ्ट संपली की बटण बंद. आयुष्यभराची सवय.

“अहो काका, थांबा,” मी म्हटलं. “माझी फाईल राहिलीय त्यात. काढून टाकते.”

बटण परत चालू केलं. विंडोज आलं. डेस्कटॉप उघडला.

माझी फाईल नव्हती.

आधी मला वाटलं, मी सेव्ह केलीच नसेल. खरंच असंच वाटलं. पंधराएक वर्षं या धंद्यात, आणि पहिली शंका स्वतःवर. मग वाटलं, भलतीकडेच ठेवली असेल. सगळीकडे शोधली. दोन ओळी मी टाइप केल्या होत्या, दोनदा उघडून बघितल्या होत्या, प्रशांत साक्षीला होता. आणि डबा सांगत होता की असं काही झालंच नाही.

“प्रशांत, मी फाईल केली होती ना? तू बघितलीस ना?”

“हो,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी एक लहानसा बाण होता. त्याच्यावर क्लिक केल्यावर लपलेली चित्रं दिसली. त्यात एक हिरवं कुलूप. मला थिन क्लायंटची सवय नव्हती, ऑफिसवाले त्यांचं त्यांचं बघतात. पण हे कुलूप म्हणजे काय ते वाचलेलं होतं. राइट फिल्टर. ऑफिसात कोणी डब्यात काही घालू नये, व्हायरस राहू नये, म्हणून ही सोय. तुम्ही लिहिलेलं सगळं तात्पुरत्या मेमरीत राहतं. चालू असेपर्यंत ते तुम्हाला दिसतं, उघडतं, सेव्ह झालं असंही सांगतं. वीज गेली की शाळेतल्या फळ्यासारखं साफ.

प्रशांतने ऑफिसातल्या आयटीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

“अरे, बाबांच्या डब्यात तू मराठी टायपिंग घालून दिलंस तेव्हा राइट फिल्टर परत चालू केला होतास?”

“हो, करावाच लागतो. का?”

“अरे, त्याने सगळं पुसलं जातं!”

“मग? थिन क्लायंटवर फाईल ठेवतं का कोणी?”

प्रशांतने फोन ठेवला. काका रोज दिवसा लिहायचे, संध्याकाळी बटण बंद करायचे. हा रात्री घरी यायचा, चालू करायचा, तर आत काहीच नाही. दोघंही खरं बोलत होते. खोटं बोलत होता तो टेबलावरचा गुणी, बिनआवाजाचा, वीज वाचवणारा डबा.

“म्हंजे मी लिवलंय?” काकांनी विचारलं.

“लिहिलंय काका. रोज लिहिलंय.”

“परत भेटल काय ते?”

“नाही. ते गेलं.”

ते खाली बसले. रडतील असं मला वाटलं, पण ते हसायला लागले. प्रशांतने त्यांचे पाय धरले. “बाबा, चुकलो,” म्हणाला. मी आयटीवाल्याकडून पासवर्ड घेतला, फिल्टर बंद केला, फाईल करून बटण बंद-चालू करून दाखवलं. फाईल राहिली. काकांनी स्वतः दोनदा तसं करून बघितलं.

“बरं झालं बाई,” मी काकींना म्हटलं. “आता डॉक्टर नको.”

काकी दारातून हलल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत आनंद दिसेना. नवऱ्यावरचा आळ पुसला गेला आणि बाईला घाम फुटलेला.

“डाक्टरची येल घेतलीय ना?” त्या प्रशांतला म्हणाल्या. “मोडू नको.”

“अगं आई, आता कशाला? बाबांना काही झालेलं नाही.”

“त्यांना नाय.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “टाकी वाहून गेली, तो पंप मी चालू ठेवलेला. दार उगडं र्‍हायलं, तं मीच. शेजारनीचं नाव मना चार चार दिस आठवत नाय. ह्यांचं नाव जालं होतं इसरायचं, सगली त्यांनाच बोलत व्हती. मना बरं वाटलं. मी गप र्‍हायले.”

मशीनमधलं कुलूप सापडल्यावर बसला त्याहून मोठा धक्का मला काकींच्या बोलण्याने बसला. इतके महिने सगळं घर एका माणसावर पाळत ठेवून होतं, आणि त्याच्या पाठीमागे हे चाललं होतं.

काका उठले. टेबलावरची चावी उचलून त्यांनी परत खिशात टाकली.

“मी नेतो तिला,” ते प्रशांतला म्हणाले. “तुजी रजा नको.”

नंतर कळलं, काकींचं दुखणं खरंच सुरू झालेलं होतं, पण वेळेवर कळलं म्हणून औषधं लागू पडली. काकांनी होड्या पहिल्यापासून लिहायला घेतल्या. आता वापरलेला थिन क्लायंट कोणी आणला, की मी आधी हिरवं कुलूप बघते, मग फाईल करते, मग भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू करते. आणि “कॉम्प्युटर ठीक आहे, माणसाचंच काहीतरी बिघडलंय,” असं सांगणाऱ्याला मी विचारते, घरात कितीजण आहात?