फलाटावरची हाक
दगडी कोळशाचा धूर नाकात गेला की मला लढाईच्या दिवसांतलं जालना स्टेशन आठवतं. वडील मला लाडानं ‘झापको’ म्हणत. शब्द आजोबांचा. ते कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं बसवायला आलेले गोरे. माझ्या जन्माआधीच वारले. गाव त्यांना इंग्रज समजे आणि आमच्या मराठी आजीला इंग्रजाची बायको म्हणे. एका दुपारी फलाटावर एका निर्वासित गोऱ्या बाईनं आपल्या मुलीला तीच हाक मारली. वडील थबकले. त्यांनी हिंदीत तिचा मुलूख आणि त्या शब्दाचा अर्थ विचारला. “पोलंड,” ती छावणीत शिकलेल्या हिंदीत म्हणाली, “झापको मतलब छोटा मेंढक.” तिची गाडी सुटल्यावर वडील बाकावर टेकले. “मंग माझा बाप इंग्रज न्हवताच,” ते म्हणाले. “आई असती तर तिला सांगितलं असतं.” आता मला वाटतं, आजीला ते ठाऊक असावं, तिला कुणी विचारलंच नव्हतं.