नव्या टायरची पूजा

माझं लग्न झालं तेव्हा मोटारसायकलबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. ती फार आवाज करते आणि लुगड्याला काळं लावते. माहेर पुणतांब्याचं, शेतकऱ्याचं. वडील बैल घ्यायला बाजारात गेले की सगळा दिवस घालवायचे. दात बघायचे, चालवून बघायचे, नुसतेच लांब उभे राहून बघायचे. असल्या माणसाच्या घरात वाढल्यावर नवरा तरी झटपट निर्णय घेणारा मिळावा की नाही? तोही निघाला तसलाच, फक्त बैलाऐवजी टायर बघणारा.

ते मूळचे शेवगावकडचे, नगरला एका कारखान्यात टर्नर होते. आमच्या दोन खोल्या आणि पुढे शहाबादी फरशीचं अंगण. त्या अंगणात त्यांची अडीचशे सीसीची जुनी गाडी उभी असायची. रोज सकाळी चहाच्या आधी ते तिच्याजवळ उकिडवे बसायचे आणि दोन्ही टायरवरून तळवा फिरवायचे, पूर्ण चाकभर. काच, खिळा, चीर, काही असलं तर डोळ्यांच्या आधी हाताला कळतं म्हणायचे. मला ताप आलाय का हे कपाळाला हात लावून बघा, असं मात्र त्यांना सांगावं लागे.

पहिल्यांदा त्यांच्या मागे बसले तेव्हा गाडी वळणावर कलली की मी जीव मुठीत धरून उलट्या बाजूला झुकायची. बैलगाडीत आम्ही तसंच करायचो, गाडी एका अंगाला गेली की आपण दुसऱ्या अंगाला सरकायचं. त्यांनी रस्त्याकडेला गाडी थांबवली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्यांनी शांतपणे समजावलं. सरळ रस्त्यावर टायरचा मधला पट्टाच जमिनीला टेकतो. वळणावर गाडी कलते तेव्हा टायरच्या कडा टेकतात, आणि तेवढ्या चार बोटांच्या रबरावर आपला दोघांचा जीव असतो. मागचं माणूस उलटं झुकलं तर गाडी आणखीच कलवावी लागते. "आपुन दोगांनी एकाच बाजूला कलायचं," ते म्हणाले. मी नवी नवरी, ते ऐकून उगाच लाजले होते.

बहात्तर साली, दुष्काळाच्या त्या वर्षी, त्यांना एक संधी चालून आली. पुण्याच्या एका कारखान्याला नव्या गाड्या रस्त्यावर पळवून बघणारा माणूस हवा होता. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी घाटात गाडी चालवून दाखवायची, पसंत पडलं तर नोकरी. दिवसभर गाडी चालवायची आणि वर पगार घ्यायचा, असं काही जगात असतं यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. जेवताना मधेच थांबून हसायचे. गाडीचे जुने टायर मधोमध घासून सपाट झाले होते. असले टायर वळणावर आधी अडून बसतात आणि मग एकदम गाडी आडवी करतात, म्हणून नवे घ्यायचं ठरलं.

त्यासाठी आम्ही स्टेशन रोडच्या दुकानात तीनदा गेलो. माझा लग्नातला शालू एका खेपेत घेतला होता. दुकानदार कडक रबराचा टायर पुढे करत होता, चार वर्षं बघायला नको म्हणत होता. हे प्रत्येक टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवून बघायचे. नख रुतत नाही तो टायर टिकतो, पण वळणावर रस्ता सोडतो. रुततं तो लवकर झिजतो, पण धरून राहतो. शेवटी मऊ रबराची जोडी घेतली. पुढच्याला चाकाभोवती फिरणाऱ्या सरळ रेघा, त्यामुळे हँडल वळेल तिकडे तो मुकाट्यानं जातो. मागच्याला ठोकळ्यांची नक्षी, जोर लावला की पकड घेणारी. नवा टायर बुळबुळीत असतो, पहिले शंभर मैल बेतानं घ्यायचे, हेही त्यांनी मला तिथेच सांगितलं. मला कशाला सांगता, मी का चालवणार आहे, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "तू मागं बसनार हायेस की."

हे सगळं मला सांगितलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

माहेरी पोळ्याला बैल धुऊन, शिंगं रंगवून झाली की खुरांना तेल चोळायचं काम माझं. लहानपणापासूनचं. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला हेही आले होते, आणि मला बैलाच्या पायाशी फडकं घेऊन बसलेली बघून हसले होते. दुष्काळाच्या वर्षी मात्र पोळ्याआधी वडिलांचं कार्ड आलं. चारा संपला, एक जोडी विकली, यंदा येऊ नकोस. ते कार्ड मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि चार दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही.

पुढे महिना-सव्वा महिन्यानं खंडेनवमी आली. कारखान्यातल्या यंत्रांची पूजा असते, त्यामुळे हे तिकडे गेले. घरची गाडी माझ्याकडे. मी ती धुतली, टाकी पुसली, हँडलला झेंडूची लहानशी माळ बांधली. खाली नवे टायर होते, बसवून आठ दिवस झालेले, कोरड्या रस्त्याच्या मातीनं पांढरट पडलेले. घरात करडईच्या तेलाची बाटली होती. मी फडकं भिजवलं आणि दोन्ही टायर चोळले. मधून, कडांवरून, बाजूनं, एक बोटभर जागा सोडली नाही. काळे कुळकुळीत झाले. मग त्यांच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. लांब जाऊन बघितलं आणि ते कार्ड आल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

दिवेलागणीला हे घरी आले, गाडी बघून खूश झाले. दसऱ्याला पहाटेच शेवगावला निघाले, आईवडिलांना सोनं द्यायला आणि वाटेतल्या करंजीच्या घाटात सराव करायला. दुपारच्या जेवणाला परत येतो म्हणाले. मी पुरणाला लागले.

घाटापर्यंत वीसेक मैल बहुतेक सरळ रस्ता. टायरच्या मधल्या पट्ट्यावरचं तेल रस्त्यानंच पुसून घेतलं, त्यामुळे त्यांना काही जाणवलं नाही. कडांवरचं तसंच राहिलं. घाटातल्या पहिल्या मोठ्या डाव्या वळणावर त्यांनी गाडी कलवली आणि त्या कडा रस्त्याला टेकल्या.

डावा पाय गाडीखाली सापडला. गुडघ्याचे तुकडे झाले. एका ट्रकवाल्यानं त्यांना नगरच्या दवाखान्यात आणून सोडलं. जो तो येऊन विचारायचा, एवढा तरबेज माणूस पडला कसा? हे सगळ्यांना एकच सांगायचे, वळणावर खडी होती. त्या वर्षी जिकडे तिकडे दुष्काळी कामं चालू होती, रस्त्यारस्त्यांवर खडीचे ढीग. कोणालाही पटलं. मलाही पटलं.

तिसऱ्या दिवशी दिरांनी गाडी टेम्पोतून आणून अंगणात लावली. टायरच्या कडांना मातीचा काळा, चिकट थर बसला होता. मी बोट लावलं. बोट तेलकट झालं. ते मला रस्त्याकडेला थांबवून काय म्हणाले होते ते शब्दन् शब्द आठवलं. मी दार लावून घेतलं, धुण्याचा सोडा घेतला आणि भर दुपारी दोन्ही टायर ब्रशानं घासले, एकदा नाही, दोनदा. मग डबा भरून दवाखान्यात गेले. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. मी काही बोलले नाही. त्या दिवशी भीतीनं बोलले नाही, आणि पुढे रोज बोलणं आणखी अवघड होत गेलं.

तो रविवार आला आणि गेला. पुण्याची नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. प्लास्टर निघालं तरी गुडघा वाकेना, आणि गिअर डाव्याच पायात. कारखान्यानं त्यांना स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं. रोज संध्याकाळी मी तेल कोमट करून गुडघा चोळायची, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला वाटायचं, गाडीचं दुःख असेल.

उन्हाळ्यात गाडी विकायला काढली. नेवाशाकडचे एक शाळामास्तर घ्यायला आले. हे काठी टेकत अंगणात उभे राहून त्यांना सगळं समजावत होते, हवा किती ठेवायची, वळणावर ब्रेक का दाबायचा नाही. मी चहा घेऊन दारात आले होते. टायर जवळजवळ कोरे आहेत, मऊ आहेत, बिनघोर चालवा, असं त्यांनी सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "फकस्त दसऱ्याला त्यांना कुनाला तेल लावू दिऊ नका."

मास्तर हसले. माझ्याकडे ह्यांनी बघितलंसुद्धा नाही.

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेल्यावर मी म्हटलं, "मी लावलं होतं."

"म्हाईत हाय. पडलो तवा हात टायरवरच हुता. करडईचा वास आला."

मग रोजच्यासारखा सकाळी टायरवरून हात का नाही फिरवलात, असं मी विचारलं. माझी जीभच तसली, त्या घटकेलाही चूक त्यांच्या पदरात टाकायला निघाली.

"तू हळदकुंकू लावलं हुतं," ते म्हणाले. "पुसंल म्हनून न्हाई फिरवला."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले. त्यांनी मला रडू दिलं. अंगणात गाडीच्या जागी फरशीवर गळलेल्या ऑइलचा डाग होता, त्याच्याकडे बघत ते उभे होते.

"तेलाचं मला काय न्हाई वाटलं. दवाखान्यातनं घरी आलो, तर टायर धुतलेले. मंग रोज वाटायचं, आज सांगंल."

सात महिने. प्लास्टर निघाल्यापासून रोज संध्याकाळी मी त्याच बाटलीतलं करडईचं तेल त्यांच्या गुडघ्याला चोळत होते, तोच वास त्यांच्या नाकाशी नेत होते, आणि ते भिंतीकडे तोंड करून माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

त्या संध्याकाळी बाटली काढायला माझा हात उठेना. त्यांनीच ती फळीवरून काढली, माझ्यापुढे ठेवली आणि पाय लांब केला. मी चोळायला लागले. त्या दिवशी ते भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होते, आणि मला मान वर करवत नव्हती.