मेलेला उंदीर मोफत उचलून मिळेल

मेलेला उंदीर माझ्या हातात होता आणि मी हसत होतो.

मेहकरातलं एक मोठं मंगल कार्यालय. लग्न लागलेलं, पंगत बसलेली. छताला पीओपी, पीओपीत रंगीत दिवे, आणि त्या दिव्यांच्या वर कुठंतरी एक उंदीर सडत पडलेला. वास नेमका नवरदेव-नवरीच्या खुर्च्यांवर उतरत होता. नवरी फोटोसाठी हसायची आणि फोटोवाल्यानं मान वळवली की शालूचा पदर नाकाला लावायची. मी मागच्या दारानं आलो होतो, कारण फोनवर तसंच बजावलं होतं. शिडी लावली, एका दिव्याची चकती काढली, खांद्यापर्यंत हात आत घातला. सापडला. शेपटी धरून खाली उतरलो.

कार्यालयाचे मालक भाऊसाहेब व्याह्यांच्या घोळक्यात उभे होते. कार्यालय त्यांचं, स्टँडजवळचा लॉज त्यांचा, गावाबाहेरची गोदामं त्यांची. कडक इस्त्री, अत्तर. मला बघून ते पाहुण्यांना म्हणाले,

"पाह्यलं? आमच्या मानसाईले सकाळपासून सापडला नाही, यानं वासावर काढला. यायच्या घरान्याले मेलेल्याचा वास लय दुरून येते. आजा-पंज्यापासून तेच त वढत आले."

घोळका हसला. मीही हसलो. नुसता हसलो नाही, सगळ्यांत मोठ्यानं हसलो. वर शेपटी धरलेल्या हातानंच सलाम ठोकला. उंदीर माझ्या कानापाशी झुलला. लोक आणखी हसले. दाद मिळाली की मला राहवत नाही, हा माझा जुना आजार.

"जा, मांगं बस," भाऊसाहेब म्हणाले. "जेवाले वाढतील तुले."

मागं म्हणजे मोरीपाशी. तिथं गयामावशी खरकटी भांडी घासत होती. आमच्याच वस्तीतली, मायच्या वयाची. तिनं माझ्या हातावर पाणी ओतलं, साबण दिला आणि एवढंच म्हणाली, "नीट धू बापा." मी हात धुतले आणि बुंदी दोनदा मागून खाल्ली. खोटं कशाला सांगू, बुंदी झकास होती.

आता हेही सांगतो, की तो उंदीर माझ्याच औषधानं मेला होता. संभाजीनगरला एका कंपनीत मी झुरळं, ढेकूण, वाळवी, उंदीर असं सगळं मारायला शिकलो. उंदराच्या लेंड्या बघून तो कुठल्या जातीचा ते ओळखायला शिकलो. माणसांनी मला काही न बघताच ओळखलं, तो भाग वेगळा. कंपनीत साहेबांनी एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: आमची औषधाची वडी खाल्ली की उंदराला तहान लागते, तो पाण्यासाठी बाहेर पळतो आणि बाहेरच मरतो. साफ खोटं. वडी खाल्लेला उंदीर चार-पाच दिवस सुस्तावतो आणि जिथं उबेला बसला तिथंच मरतो. कपाटामागं, माळ्यावर, पीओपीत. पण मेहकरात स्वतःचं दुकान टाकल्यावरही मी ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं, की माझा स्वतःचाच त्याच्यावर विश्वास बसला. भाऊसाहेबांना तर मी हातवारे करून उंदीर कसा दारातून निघेल, कसा नालीकडे जाईल ते चालून दाखवलं होतं. उंदरानं ते भाषण ऐकलेलं नसावं.

घरोघरी वास सुटू लागला, तशी गिऱ्हाईकं ओरडू लागली. मग माझ्या सुपीक डोक्यात योजना आली. दुकानावर नवा फ्लेक्स लावला: ‘मेलेला उंदीर मोफत उचलून मिळेल.’ एका बाजूला उताणा पडलेला उंदीर, दुसऱ्या बाजूला हात जोडलेला मी. लोक विचारायचे, यातला मालक कोणता? मी म्हणायचो, जो जिवंत दिसते तो.

योजना चालली. फार चालली. लोक वडी दुसऱ्या दुकानातून आणायचे आणि उचलायला मला बोलवायचे. कुणी जुना पेपर दुरूनच फेकायचा, कुणी पायानं दाखवायचं. एका बाईंनी तर मी गेल्यावर मी धरलेलं दारच धुऊन काढलं. मला वाटलं, उंदरामुळे.

लग्नाचा तो किस्सा मी घरी येऊन रंगवून सांगितला. भाऊसाहेबांचा आवाज काढला. सलाम करून दाखवला, उंदराच्या जागी हातात मोजा धरला. बायको हसली, पोरं गडाबडा लोळली. माय हसली नाही. ती गहू निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली,

"तुह्या आज्यानं, माह्या बापानं, कशी दोरी टाकली, तुले ठाव हाये?"

मला ठाऊक होतं. म्हणजे जयंतीच्या भाषणात असतं तेवढं. बुद्ध झालो, जुनी कामं सोडली, टाळ्या. मायनं टाळ्यांच्या अलीकडचं सांगितलं. वस्तीनं ठरवलं होतं, आता गावाची मेलेली ढोरं ओढायची नाहीत. नंतर भाऊसाहेबांच्याच घराण्याचा एक बैल वाड्यासमोर मरून पडला. आज्याला बोलावणं आलं. आज्यानं दोरी त्यांच्या उंबऱ्यासमोर टाकली आणि परत आला. गावानं वस्तीला काम बंद केलं, पीठ दळून देणं बंद केलं, वाट बंद केली. बैल फुगून फुटला, पण वस्तीतलं कोणी गेलं नाही. त्या उपासमारीत मायच्या पाठीवरची बहीण गेली.

"त्यानं उपाशी राहून टाकली थे दोरी," माय म्हणाली. "अन् तू फ्लेक्स छापून आनला. थेबी फुकट."

मोजा अजून माझ्या हातातच होता. तो खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिडी लावून फ्लेक्सवरची ती ओळ ब्लेडनं कापून टाकली. कापताना हात घसरला आणि माझं अर्धं डोकंही गेलं. राहू दिलं. तसं ते आधीही फारसं वापरात नव्हतं.

पुढच्या लग्नसराईत भाऊसाहेबांचा निरोप आला. कार्यालय, लॉज, गोदामं, सगळ्यांचं वर्षाचं काम ठरवायचं होतं. ते मिळालं की माझं दुकान उभं राहणार होतं, नाही तर हलाखी होतीच. मी धुतलेला शर्ट घालून गेलो. पुढच्या दारानं. भाऊसाहेब कोठीघरात होते. तांदळाच्या पोत्यांमागं उंदीर मरून पडला होता. भाऊसाहेबांनी चपलेच्या टोकानं दाखवला.

"पहिले हा उचल. मंग बसून बोलू."

"मी मारतो, भाऊसाहेब. उचलत नाही."

"काऊन बे? तुह्या पाटीवर त लिवेल हाये."

"होतं. कापलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. आपल्या घरातली खुर्ची अचानक बोलली तर माणूस बघेल, तसं.

"अस्सं," ते म्हणाले. "मंग तुह्यात अन् औषधाच्या डब्यात फरक काय राह्यला? डबा त मी बी आनतो." आणि मग, मान वळवायचेही कष्ट न घेता, मागच्या दाराकडे हाक मारली, "ओ गया!"

गयामावशी पदराला हात पुसत आली. तिनं उंदराकडे पाहिलं, भाऊसाहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, राहू दे," मी म्हटलं.

ती वाकली. उघड्या हातानंच शेपटी धरली आणि गेली.

मी मात्र ताठ उभा होतो. छाती काढून. घरून निघताना आरशासमोर या नकाराची तालीम केली होती, आवाज कुठं खाली आणायचा तेही ठरवलं होतं. सगळं जमलं. पण मी टाकलेलं ओझं जमिनीवर पडलंच नाही. ते परस्पर तिच्या हातात गेलं.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. ती चुलीपाशी बसली होती. मी म्हटलं, "मावशी, तू काऊन उचलला? नाही म्हनाचं होतं."

"अन् उद्या भांडे कोनाचे घासू? तुह्ये?" ती म्हणाली. "तुले दुकान हाये, गाडी हाये. तू नाही म्हनून गाडीवर बसला. मी कशावर बसू?"

तिनं चुलीत लाकूड सारलं.

"नाही म्हनाले गेला होता त माह्यासाठी बी म्हनाचं होतं. ‘उंदीर तुमचा, तुमीच उचला,’ असं म्हनाचं होतं त्याच्या तोंडावर. तू नुसता तुहा हात झटकला. त्यातनं उडालेलं माह्या अंगावर आलं." मग भाकर उलथली आणि म्हणाली, "चहा घेतं का?"

तिच्या हातचा चहा घेतला.

वर्षाचं काम गेलं. भाऊसाहेबांनी चार ठिकाणी सांगितलं, तशी तीही कामं गेली. स्टँडच्या रोडवर एका नव्या पोरानं दुकान टाकलंय. त्याच्या फ्लेक्सवर आहे: ‘मेलेला उंदीर मोफत उचलून मिळेल.’ मजकूर माझाच, अक्षर अन् अक्षर. पोरगं आपल्याच समाजाचं. त्याला समजवायला गेलो, तर म्हणाला, "काका, तुमचं पोट भरलं म्हनून तुमाले आता सुचून राह्यलं." माझं पोट भरलेलं नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

आता कुणाचा फोन आला की मी आधी अट सांगतो. उंदीर मारीन, बिळं बुजवीन, फट कुठं आहे ते दाखवीन. आणि मेलेला सापडला, तर तो घरच्या मालकानं आपल्या हातानं उचलायचा. मोलकरणीला सांगायचं नाही, झाडणाऱ्याला नाही, गड्याला नाही. मी समोर उभा राहून बघणार. कबूल असेल तर येतो. बहुतेक जण हसतात आणि फोन ठेवतात. एका गुरुजींनी विचारलं, "ही कुठली अट? घान काम आहे ते." मी म्हटलं, "म्हनूनच." त्यांनीही ठेवला.

या अटीनं गयामावशीचा एक उंदीरसुद्धा कमी झालेला नाही, हे मला ठाऊक आहे. कार्यालयात वास सुटला की आजही तिलाच हाक जाते. माझं शटर बहुधा या पावसाळ्याच्या आत पडेल. मग मी कुणाच्या तरी दुकानात कामाला लागेन. तिथंही पहिल्याच दिवशी हीच अट सांगेन, आणि पहिल्याच दिवशी घरी येईन.

येईन तर येईन. कुठं मेलाय ते मी बोटानं दाखवीन. वाकायचं मालकानं.